मालकीणबाईंच्या मापाचा पुतळा

मित्रांनो, मला डोके नाही म्हणून अक्कलही नसेल, असे समजू नका. मी शिंप्याच्या दुकानातला एक जुना पुतळा आहे. खांद्यापासून कमरेखालपर्यंतच माझे शरीर. त्याखाली लोखंडी दांडा आणि तीन चाके. त्यांतले एक जन्मापासून वाकडे आहे, त्यामुळे स्वस्थ उभे राहणे माझ्या नशिबातच नाही. जरा धक्का लागला की मी निघालो कुरकुरत.

कारखान्यात मला स्क्रू बसवले होते. चावी फिरवली की माझे खांदे, छाती, कंबर लहानमोठी होते. वीस वर्षे मी रोज नवी बाई झालो. मास्तर कापड कापायचे, त्यांची बायको, म्हणजे आमच्या मालकीणबाई, शिवायच्या आणि टाचण्या मात्र मला टोचायच्या! गिऱ्हाइके कौतुक शिवणीचे करीत; माझे कोणी केले नाही, पण ते असो.

एकदा मालकीणबाईंनी स्वतःसाठी ड्रेस शिवायचा म्हणून मला त्यांच्या मापावर आणले. तो ड्रेस अर्धाच राहिला. त्या आजारी पडल्या आणि गेल्या. मास्तरांनी माझी चावी खणात टाकली आणि माझे माप कोणाला बदलू दिले नाही.

मास्तरांच्या जिवाला चैन पडेना. सुई ओवायचे आणि तशीच ठेवायचे. दार उघडायचे, लावायचे, पुन्हा उघडायचे. शेवटी त्यांची लेक वैतागली.

"बाबा, दिवसभर येरझाऱ्या घालताच ना? मग तालावर तरी घाला!" असे म्हणून तिने त्यांना जोडीने नाचायच्या वर्गात नेऊन बसवले.

घरी सराव माझ्याबरोबर. एक हात माझ्या पाठीवर, आणि आम्ही दुकानभर फिरायचो. मी कधी त्यांचा पाय तुडवला नाही, कारण मला पायच नाहीत. खरे सांगतो, मला ते फार आवडायचे. मास्तर डोळे मिटून घ्यायचे. पण सराव संपला की पुन्हा दार उघड, दार लाव.

वर्गात त्यांच्या जोडीदार एक नर्सबाई होत्या. वर्गाच्या समारंभासाठी ड्रेस शिवायला त्या दुकानात आल्या. माप देऊन झाल्यावर त्यांनी मास्तरांबरोबर चार पावले घालून पाहिली आणि त्या थबकल्या.

"अहो मास्तर, ढकलता काय असे? मी काही चाकांवर नाहीये!"

मास्तरांनी चोरट्या नजरेने माझ्याकडे पाहिले.

आता मला नर्सबाईंच्या मापावर आणायला हवे होते. मास्तर दोनदा खणापाशी गेले आणि परत फिरले. शेवटी मला भिंतीकडे तोंड करून (तोंड नाही, पण समजून घ्या) उभे केले आणि ड्रेस माझ्यावर न चढवता, नुसत्या हाताच्या अंदाजानेच शिवून टाकला.

नर्सबाईंनी तो घातला. मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवायला गेल्या, तर हात वरच जाईना.

"मास्तर, हे माप कोणाचे?"

मास्तरांनी खांद्याच्या शिवणीला टेप लावून पाहिली. "आमच्या हिचे," ते म्हणाले. "कागदावर तुमचेच लिहिले होते हो. हातांनी तिचेच शिवले."

नर्सबाई रागावल्या नाहीत. "शिवणीत आत जादा कापडाची माया सोडलीय ना? मग उसवा. मला हात वर करता आला पाहिजे."

मास्तरांनी चावी काढली. मी घाबरलो. मालकीणबाई माझ्यात तेवढ्याच तर उरल्या होत्या! आधी मास्तरांनी माझ्या खांद्यांभोवती, कमरेभोवती हळूहळू टेप फिरवली. मग माझ्या खांद्यावर कपाळ टेकून ते ढसाढसा रडले. थोड्या वेळाने नर्सबाईंनी मशीनच्या तेलाची बुधली पुढे सरकवली. "स्क्रू गंजलाय. तेल घाला."

स्क्रू करकरत फिरला.

आठवड्याने उसवून पुन्हा शिवलेला ड्रेस घालून नर्सबाई आल्या. मास्तरांनी मला बाजूला ढकलले. मी कुरकुरत भिंतीपर्यंत गेलो. मास्तरांनी पाऊल टाकले. नर्सबाई हलल्या नाहीत. मास्तर थांबले. मग त्या हलल्या, आणि ते त्यांच्याबरोबर गेले. त्या दिवशी दार एकदाच उघडले आणि एकदाच लागले.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना मिठी मारायला हरकत नाही. पण आमची चावी लपवू नका आणि आमच्या स्क्रूंना गंज चढू देऊ नका. चाकालाही दोन थेंब तेल घालत जा. मालकीणबाईंचे माप आता माझ्यात नाही, पण मला त्याची काळजी वाटत नाही. मास्तरांच्या हातांनी ते माझ्याकडे न बघता, एक सूतही न चुकता शिवले होते.