सामाईक चुलीवरची चटनी

“अगं ए, चटनीची बरनी कुठं हाय?” आमच्या ह्यांनी वाफ्यात कुदळ रवून इचारलं.

“मला काय ठावं?” म्हनलं आन बटाटं लावत ऱ्हायली.

आयर्लंडातल्या ह्या पोर्टलीशची माती काळी, पर सदा वली. कुदळ मारली की पचक्कन आवाज, वरनं भुरभुर पाऊस, धड पडतबी न्हाई आन थांबतबी न्हाई. लेकीला भेटाय म्हनून दोन म्हयन्यासाठी आलो, आन कोरोनानं वरीस उलटलं तरी हितंच. लेक देवयानी दवाखान्यात डाक्टर. जानेवारीत तिलाबी त्यो रोग झाला. बरी झाली, कामावर गेली, पर तोंडाची चव गेली ती गेलीच. गरम भाकरी म्होरं ठिवली तर म्हनायची, “आई, पुठ्ठा चावल्यासारखं वाटतंय.” पोरगी वाळून गेली. माझा जीव तीळतीळ तुटायचा.

गावाकडची लसनाची चटनी बरनीच्या तळाला उरलीवती. पार्सल बंद. लेकीला चव आली की पयला घास ह्याच चटनीचा, असं म्या मनात धरलंवतं.

पर घरात राज्य आलं हटराइट लोकांचं! वरच्या खोलीत अक्षया ऱ्हाती, भाडेकरू. ती कालेजासाठी त्या लोकांचा इतिहास लिवती. जेवताना सांगायची, “काका, पाचशे वर्षांपूर्वीची गोष्ट. धर्मावरून छळ झाला म्हणून पळाले आणि युरोपातच मोराव्हिया प्रांतात वसले. शेकडो माणसं एका आवारात, चूल एकच. कुंभार असो, सुतार असो, कमाई सगळ्यांची. माझं-तुझं नाहीच! एक कोठीवाला नेमायचे, तो ज्याला जे लागेल ते द्यायचा.”

झालं. आमचं हे गावाकडं सोसायटीचं चेरमन. हितं वरीसभर कुनी राम राम घालंना. दुसऱ्याच दिशी कोठीवालं झालं! समदं डबं एका कपाटात, किल्ली करदोट्याला. चटनी समद्यास्नी सारखी, चमचा चमचा. देवयानीलाबी, जिला चटनी काय आन माती काय! कुंपनापल्याडच्या म्हाताऱ्या पॅट्रिकलाबी दिली. त्यो “ग्रँड, ग्रँड” म्हनत तांबडालाल झाला आन तांब्याभर पानी प्याला.

मग काय करू? हे किल्ली काढून ठिवून अंघुळीला गेलं तवा म्या बरनी ढापली.

सांजच्याला ह्यांना ती माझ्या जुन्या बुटात घावली. न्याय बसला.

“अक्षया, त्या लोकांत कुनी लपवून ठिवलं तर काय करायचे?”

अक्षया चाचरली. “काका, म्हणजे... चूक कबूल करेपर्यंत पंगतीला बसू देत नसत. वेगळं जेवायचं.”

“म्हंजी वाळीत! ठरलं.”

म्या भाकरी घेतली, बरनी उचलली. ह्यांनी बरनीला हात घातला.

“वाळीत टाकलेल्या बाईच्या हातचं घेताय व्हय?” म्हनलं. हात मागं गेला. म्या सैपाकघरात जाऊन भुईवर फतकल मारली.

तेवढ्यात देवयानी ड्युटीवरनं आली. “आई, खाली का बसलीयेस?”

“तुज्या बाबानं वाळीत टाकलंय.”

हसत हसत ती शेजारी टेकली. माझ्याच ताटातला तुकडा मोडला, चटनीत बुडवला. चावता चावता थांबली.

“आई... लसूण.”

“काय?”

“लसूण लागतोय गं! आई, तिखट लागतंय!”

तिच्या डोळ्यांतनं घळाघळा पानी. चटनीचं का रडन्याचं, कुनास ठाऊक. म्या मातर मोठ्यानं गळा काढला.

आमचा गलका ऐकून अक्षया ताट घेऊन पळत आली, तीबी भुईवर. डोळं पुसत म्या इचारलं, “पोरी, त्या लोकांची ती एक चूल टिकली का गं?”

“दीडशे वर्षांहून जास्त, काकू. सैनिकांनी लुटलं, मोराव्हियातून हाकललं, हंगेरीत गेले. शेवटी दमले, आणि ज्याची त्याची चूल वेगळी झाली.”

“लई टिकली की! आमची पंधरवडाबी न्हाई.”

भायेर मोठ्या टेबलाला हे एकटंच. आधी खोकलं. मग भांडं वाजिवलं. मग ताट घेऊन दारात हुबं.

“बाबा, मला चव आली!” देवयानी म्हनली.

कोठीवालं गुडघं धरत भुईवर बसलं, मफलरीनं डोळं पुसलं आन हळूच ताट म्होरं सरकावलं.

“वाईच दे की.”

म्या बरनी मांडीखाली वढली. “लेकीचं हुंद्या आधी. ऱ्हायलं तर बघू.”