सोडलेले मासे

दाताच्या डॉक्टरांना गळाने मासे पकडायचा भारी नाद. मासा गळाला लागला की फोटो काढायचा आणि परत तळ्यात सोडायचा. "आपल्या हातून जीव जात नाही," हे ते पेशंटच्या तोंडात आरसा घालून ऐकवायचे. बिचारा पेशंट काय बोलणार?

त्यामुळे काठाशी मेलेले मासे दिसू लागले, तेव्हा त्यांचा संशय थेट पलीकडच्या काठावर गेला. तिथे त्यांच्या साडूची लॉन्ड्री होती.

"चोरून साबणाचं पाणी सोडतोय," ते बायकोला म्हणाले.

"दाजी असं करायचे नाहीत हो."

"तुला बहिणीच्या घरचं कोणी वाईट दिसतच नाही."

साडू इस्त्रीचे कपडे द्यायला आले, तेव्हा डॉक्टरांनी आडून विचारलं, "लॉन्ड्रीचं पाणी कुठे जातं हो?"

"गटारात. का?"

"सहज."

साडू हसले. डॉक्टरांना ते हसूही खटकलं.

पुरावा हवा म्हणून त्यांनी तळ्यात शेजारी शेजारी दोन जाळीचे पिंजरे टाकले. एकात स्वतः पकडलेले मासे, दुसऱ्यात, तिलाही पटावं म्हणून, बायकोने पकडलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आपला पिंजरा वर ओढला, तर निम्मे मासे पोट वर करून तरंगत होते.

"बघ! आता काय म्हणतील तुझे दाजी?"

बायकोने तिचा पिंजरा ओढला. सगळे मासे फडफडत होते.

"पाणी तर एकच आहे," ती म्हणाली.

डॉक्टरांनी आता तिच्याकडेच संशयाने पाहिलं. "तू काय केलंस?"

"काही नाही. हात ओले केले, पाण्यातच गळ काढला आणि सोडलं. तुम्ही माशाला कोरड्या टॉवेलवर घेता, चष्मा पुसता, दहा फोटो काढता. तोवर त्याने श्वास कुठे घ्यायचा?"

डॉक्टरांनी खांद्यावरचा टॉवेल काढून पिशवीत कोंबला.

संध्याकाळी एक मोठा मासा लागला. त्यांनी मोबाइल काढला नाही. दमलेला मासा पाण्यात दोन्ही हातांत अलगद धरून ठेवला. बऱ्याच वेळाने त्याचे कल्ले नीट हलू लागले आणि तो शेपटीचा फटकारा मारून हातातून निसटला. डॉक्टर पाणी स्थिर होईपर्यंत बघत राहिले.

समोरून साडूंनी हात केला. डॉक्टर ओरडले, "रविवारी जेवायला या!"

घरी जाताना मात्र ते वाट वाकडी करून लॉन्ड्रीमागे गेले आणि वाकून बघून आले. पाइप खरंच गटारात जात होता. सोबतच्या बायकोने ते पाहिलं आणि ती हसून पुढे चालू लागली.