नानासाहेबांचा फिरता कॉम्प्युटर

चिकलठाण्याच्या एमआयडीसीत नानासाहेबांचा पंपांचा कारखाना होता, आणि तिथल्या कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली कैक वर्षं मल्हारीच्या खिशात असायची. गंगापूरकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातला हा पोरगा माल उचलायला म्हणून कामाला लागला आणि बघून बघून ऑपरेटर झाला. त्याची आई बानाबाई गावात सांगत फिरायची, "माझा ल्योक थंडगार खोलीत बसतो."

मग रईसा आली. खुलताबादची, शहरात राहून कोर्स केलेली. ज्या कामाला मल्हारीला अख्खा दिवस लागायचा ते ती जेवणाच्या सुट्टीआधी उरकायची. नानासाहेबांनी दुसरी किल्ली करून तिला दिली. तेव्हापासून तिच्या बोटांची टकटक मल्हारीच्या डोक्यात वाजायला लागली. ती चुकेल म्हणून तो वाट बघायचा, आणि ती चुकायची नाही.

त्या हिवाळ्यात नानासाहेबांच्या मनात आलं, की गोदामागोदामांत नेता येईल असा फिरता कॉम्प्युटर घ्यावा. मुंबईच्या विक्रेत्यानं दोन नमुने पाठवले. एक शिलाई मशीनच्या पेटीएवढा, लोखंडी मुठीचा, विजेवाचून न चालणारा. पण पडदा लख्ख. दुसरा वहीसारखा मिटणारा लॅपटॉप, बॅटरीवर तासभर चालणारा. पडदा मात्र राखाडी.

"रईसाबाई, हलका तुम्ही घ्या. बाईमाणसाला तोच बरा," नानासाहेब म्हणाले. "मल्हारी, पेटी तुझ्याकडं. दोघं गंगापूरच्या गोदामात जाऊन तिथल्या मालाची यादी यांच्यात भरून आणा. जो टिकेल तो घेऊ."

मल्हारीनं मनाशी गणित मांडलं. पेटी आली तर ती या बाईला उचलायची नाही. म्हणजे फिरणं आपल्याकडं, मान आपल्याकडं. निघायच्या सकाळी रईसा पाणी भरायला गेली, तेव्हा त्यानं तिच्या पिशवीतून चार्जर काढला, वायर नीट गुंडाळली आणि प्रिंटरच्या कागदांच्या गठ्ठ्यामागं सारला.

विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. एसटी बंद, चौकाचौकांत पोलीस. जी जीप मिळाली तिच्यात कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. नवा माणूस चढला की बाकीचे त्याचं आडनाव विचारायचे आणि उत्तर ऐकून गप्प बसायचे. मल्हारी मांडीवर पेटी घेऊन बसला होता. पाय बधिर झाले, तरी त्यानं ती खाली ठेवली नाही.

गंगापूरच्या गोदामात पुंजाराम नावाचे म्हातारे राखणदार होते. त्यांनी दोघांना दोन टेबलं दिली. रईसाचं काम झपाझप पुढं सरकलं आणि मध्येच तिचा पडदा विझला. तिनं पिशवी उपसली.

"चार्जर राहिला वाटतं," ती म्हणाली.

"आता आणायला जायचं म्हणलं तर एसटी बंद," मल्हारी म्हणाला. आवाजात काळजी आणायला त्याला जड गेलं नाही.

तो एकेक आकडा शोधून दाबत राहिला. ऊन उतरलं. जीपवाला दोनदा येऊन हॉर्न वाजवून गेला. शेवटी पुंजाराम म्हणाले, "दादा, जरा बाईला बसू द्या की. अंधारात वाटंत अडकून पडाल." मल्हारीला उठावं लागलं. रईसा पेटीपुढं बसली आणि चहा निवायच्या आत राहिलेला माल भरून मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी नानासाहेबांनी निकाल सांगितला. "पुंजाराम फोनवर बाईंच्या कामाची लई तारीफ करत होते. पेटीच घेऊ. चालवतील रईसाबाई. आणि मल्हारी, उचलायला तू आहेसच."

मल्हारी खोलीत आला. गठ्ठ्यामागचा चार्जर काढून त्यानं रईसाच्या टेबलावर ठेवला. तिनं त्याच्याकडं पाहिलं, चार्जरकडं नाही.

"निघताना जिन्यातच कळलं होतं मला," ती म्हणाली. "पिशवी हलकी लागली, उघडून बघितली."

"मग तुम्ही माघारी का नाय फिरलात?"

"त्या राखाडी पडद्यानं डोळे दुखतात माझे. मलाबी मोठाच पाहिजे होता. पण मला विचारलं कोणी, मल्हारीभाऊ? 'हलका तुमचा' म्हणत हातात दिला." चार्जर खणात टाकत ती म्हणाली, "नानासाहेबांना सांगणार नाय मी. तुम्ही पण सांगू नका."

त्याला लाज वाटायला हवी होती, पण आत जळायला लागलं. आपण केलेलं पापसुद्धा हिच्याच उपयोगी पडलं.

पुढच्या आठवड्यात शहराला जरा मोकळा श्वास मिळाला, एसटी सुरू झाली. मल्हारी पेटी खांद्यावर घेऊन पुढं, रईसा मागं. गोदामात त्यानं तार जोडली आणि तो दाराशी जाऊन उभा राहिला. रईसानं अर्धा माल भरला, मग उठून खुर्ची त्याच्याकडं ओढली.

"बसा. राहिलेलं तुम्ही भरा. आज घाई नाय."

"उशीर होईल."

"होऊ द्या."

तो बसला. बोटं पूर्वीसारखीच सावकाश चालली. ती शेजारी उभी राहून आकडे सांगत होती, आणि एकदाही तिनं मध्ये हात घातला नाही. त्याचाही त्याला राग आला. तरी त्यानं शेवटच्या ओळीपर्यंत काम केलं.