योनच्या आईचा फोटो

मी कॅमेरा आहे. कंबोडियातल्या बाटंबांगच्या बाजारामागे, जिना चढून वर, फाल्कुनचा फोटो स्टुडिओ आहे. तिथल्या काचेच्या कपाटातून बोलतोय. जपानात घडलो, दोन मालकांच्या हातांतून फिरत इथे आलो आणि अकरा वर्षांत या गावाची निम्मी लग्नं माझ्या पोटातून गेली. इथली नवरी दिवसभरात सहा पोशाख बदलते आणि प्रत्येक पोशाखात पोट आत ओढून उभी राहते. मला सवय आहे.

माणसांना वाटतं, त्यांना दिसतं ते मला दिसतं. तसं नाही. फाल्कुन मला फ्लॅशसाठी तयार करतो तेव्हा शटर एकशे पंचवीसवर, अ‍ॅपर्चर आठवर, आयएसओ शंभरवर बांधून टाकतो. मग खिडकीतलं ऊन, छताचा दिवा, सगळं माझ्या लेखी काळोख. फ्लॅश पेटतो तेवढ्या क्षणापुरतंच माझं जग. एकदा घाईत शटर पाचशेवर राहिलं, फ्लॅश पेटला तेव्हा ते अर्धं झाकलेलं होतं आणि नवरदेवाचं अर्धं तोंड काळ्या पट्ट्यात गेलं. सासू म्हणाली, “असू दे. बरा अर्धा उरलाय.”

पितरांचे पंधरा दिवस तोंडावर आले होते, तेव्हा योन मावशी आली. नदीकाठी तांदळाच्या शेवया विकते ती. सोबत तिची बत्तीस वर्षांची मुलगी केसोर, कपाळाला आठ्या घालून.

“फाल्कुन, हिचा फोटो काढ. माझ्या आईसारखा.”

“आईसारखा म्हणजे?”

“आईचा एकही फोटो नाही रे. बाबा शिक्षक. पोल पॉटची माणसं आली तेव्हा शिकलेल्याचं घर म्हणून ओळखू नये, म्हणून आईनं स्वतःच्या हातांनी सगळे फोटो चुलीत घातले. बत्तीस वर्षांची होती, नेलं तेव्हा. हिला आता बत्तिसावंच आहे. चेहरा तोच.”

“म्हणजे मी जिवंतपणी देव्हाऱ्यात बसायचं!” केसोर फणकारली. “माझ्याच तोंडापुढे उदबत्ती? काका, तुम्ही तरी सांगा हिला.”

फाल्कुननं स्टूल पुढे ओढलं. योन मावशी स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाली, “तिचा चेहरा माझ्याजवळून चाललाय गं. आधी डोळे गेले. आता हनुवटी तेवढी राहिलीय. या दिवसांत ती दारात येऊन उभी राहत असेल आणि मी तिला ओळखत नसेन.”

केसोर स्टुलावर बसली. तोंड फुगवूनच.

फाल्कुननं फ्लॅश समोर, उंच लावला आणि एक फोटो काढून मावशीला दाखवला. “ही केसोरच आहे,” मावशी म्हणाली. “खाली घे. आम्ही जमिनीवर बसायचो. चूल डावीकडे असायची.” त्यानं फ्लॅश डावीकडे, गुडघ्याइतका खाली आणला, जोर कमी केला, पलीकडचा, उजेड परतवणारा पांढरा पुठ्ठा काढून टाकला. केसोरनं केस घट्ट मागे बांधले. मावशीनं तिच्या खांद्यावर चौकटीचं उपरणं टाकलं.

फ्लॅश पेटला.

“आई!”

योन मावशी स्टुलाशी खालीच बसली. “आई, ते तांदूळ मी घेतले होते. मूठभरच. त्यांनी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, ‘मी चोरले.’ तुला नेलं, तरी मी बोलले नाही गं. तोंडात तांदूळ होते माझ्या.”

फाल्कुनचं बोट माझ्या बटणावर तसंच राहिलं.

केसोरला हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आईच्या पिकलेल्या केसांवर हात ठेवून तिनं विचारलं, “पोट भरलं होतं का तुझं?”

“नाही.”

“मग आणखी घ्यायचे होतेस.”

आवाज केसोरचाच होता. पण बोललं कोण, ते मला आजतागायत कळलेलं नाही. फाल्कुननं त्याच क्षणी बटण दाबलं.

केसोरनं फोटो पाहिला. बोटानं माझ्या पाठीवरचा पडदा पुसून पुन्हा पाहिलं. “काका, ही मी नाही.” आणि थोड्या वेळानं, “लाव, आई. खाली नाव मात्र तिचं लिही.”

चाळीस वर्षांत न उच्चारलेलं नाव योन मावशीनं उच्चारलं. “नुओन.”

आता माझं शटर अडखळतं. फाल्कुननं नवा कॅमेरा घेतलाय आणि मला बॅटरी काढून इथे ठेवलंय. बॅटरीशिवाय मला काही दिसायला नको. तरी दर वर्षी पितरांच्या दिवसांत, दुपारी स्टुडिओ रिकामा असताना, कुणीतरी येऊन बसतं. ताठ, चुलीकडे बघावं तसं डावीकडे मान वळवून. भीती वाटत नाही म्हणालो तर खोटं ठरेल.

तरीही एक मागतो. माझ्या भिंगावर झाकण लावू नका. जिच्याकडे चाळीस वर्षं कुणाला बघता आलं नाही, ती माझ्यापुढून तरी न बघितलेली उठून जाऊ नये.