पदराआडचं दुखणं

"दुखणं माह्या मैना, पदराच्या आड झाक,
सासरी बोलशील, जाईल माहेराचं नाक..."

जात्यावर बसून आईनं म्हटलेली ही ओवी पंचफुलाच्या कानात अजून होती. आई जाऊन नऊ वर्षं झाली. ओवी काही गेली नाही.

त्या सकाळी ती वांग्याच्या वाफ्यात दारं धरत होती. मोटेचं पाणी पाटातून खळखळत येत होतं आणि ओटीपोटात नेहमीसारखं कुणी दोरखंड पिळत होतं. तिला आता त्याचं रडूही येत नसे. दुखणं शेजारणीचं असावं, तशी ती त्याच्याकडे बघे. पाणी पुढच्या वाफ्यात वळवायला ती वाकली, ती उठलीच नाही.

"बाहेरची असून मळ्यात शिरली!" सासू हौसाबाई बांधावरूनच ओरडली. "म्हून तं काकडीचे येल जळून राह्यले. चाल, खोपटात बस!"

माळ्यांच्या त्या घरात विटाळशीनं चार दिवस मळ्याबाहेरच्या खोपटात काढायचे, वेलावर सावली पडू द्यायची नाही. पंचफुलाची पाळी यायला अजून आठ दिवस होते. पण पोट धरलेली बाई म्हणजे विटाळशी, एवढंच घराला ठाऊक. म्हणून कितीही दुखलं तरी ती ताठ उभी राही. अकरा वर्षं राहिली. त्या खोपटाच्या कुडाला कुणी एकदा कान लावला असता तर!

नवरा नथ्थू मोट सोडून धावत आला. "माय, तिचे दिवस नाई अजून. कारंज्याले बाजाराच्या दिवशी डॉक्टरीनबाई येते. दाखवून आनतो."

"चाल, मीबी येतो," हौसाबाई म्हणाली. "लेकरू होनार का नाई, डॉक्टरीनबाईच्याच तोंडून आयकू. नाई म्हने, तं किन्हीराजा गावची पोरगी तुले पक्की करू."

सवत आणायचं बोलणं पंचफुलानं ऐकलं आणि लुगड्याचा चिखल झटकला.

बाजाराच्या दिवशी बैलगाडीत वांग्याच्या टोपल्यांच्या मधे बसून तिघं कारंज्याच्या दवाखान्यात पोचली. तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे सोंग नाही आणि विटाळही नाही. गर्भपिशवीचं आतलं अस्तर हिच्या पोटात पिशवीबाहेर रुजलेलं दिसतं. दर महिन्याला तेही रक्ताळतं. त्या रक्ताला वाट नाही, मग गाठी धरतात."

नथ्थूनं मान हलवली. "म्हंजे पानी वाफ्यात जायाचं, ते बांधाबाहेर मुरून राह्यलं."

"तसंच. अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या. शस्त्रक्रिया लागेल."

"अन् लेकरू?" हौसाबाईनं विचारलं.

"ते आज सांगता येत नाही. आधी हिचं दुखणं." त्या पंचफुलाकडे वळल्या. "केव्हा केव्हा दुखतं गं?"

"महिन्याचे चार दिस," हौसाबाईच बोलली. "समद्या बायायचं दुखते. माह्यंबी दुखे. म्या सांगतलं का कोनाले?" बोलता बोलता ती भिंतीकडे पाहू लागली.

"मी हिला विचारलं," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या.

पंचफुलाचा हात सवयीनं पदराकडे गेला. तोंडापर्यंत आलेला पदर तिनं खाली सोडला. डॉक्टरीणबाईंकडे नाही, सासूकडे नाही, ती नथ्थूकडे वळली.

"अवो, तुमी जवळ येता ना, तवाबी दुखते. लगन झालं तवापासून. म्या दात आवळून पडून राह्यतो."