एक वॉर्ड, एक बटण

विजयमाला आणि सिद्धम्मा दोनदा एकाच वॉर्डातून ग्रामपंचायतीवर निवडून आल्या होत्या. तेव्हा वॉर्डात तीन जागा असायच्या. मतदार आत जाऊन तीन जागांची तीन बटणं दाबायचा. एक विजयमालेचं, एक सिद्धम्माचं, तिसरं कुणाचं तरी. प्रचाराला दोघी एकाच ऑटोत बसायच्या आणि गुलालही एकाच ताटातला लावून घ्यायच्या.

मग पालम रस्त्यावरच्या त्यांच्या गावाची नगरपंचायत झाली. वॉर्ड लहान झाले आणि एका वॉर्डाला एकच नगरसेवक आला. सोडतीत त्यांचा वॉर्ड महिलेसाठी सुटला, तेव्हा सभागृहातल्या कितीतरी माना मागं वळल्या. विजयमालेनं पदर सारखा केला. मग तिच्या लक्षात आलं, लोक शेजारी बसलेल्या सिद्धम्माकडं बघत होते.

बाहेर आल्यावर सिद्धम्मा म्हणाली, "अक्का, तुमीच उभं ऱ्हावा. मी तुमच्यासंगं फिरते."

विजयमालेला ते फार लागलं. जागा जशी हिच्या घरची, आणि ही उचलून देणार! "बघू," एवढंच ती बोलली. अर्ज भरायला ती एकटी गेली आणि प्रचारालाही एकटीच निघाली.

दारोदार चहा मिळायचा, पण विचारणा एकच. "एकट्याच? सिद्धम्मा कुठं हाय?"

म्हाताऱ्या सारजाबाईनं तर हद्द केली. "माझ्या डोळ्याच्या आपरेशनला लेकीवानी परभणीला आली बगा ती."

त्या डोळ्यांच्या शिबिरात म्हातारीचं नाव घालायला विजयमालेनंच खेटे मारले होते. ते म्हातारीच्या गावीही नव्हतं.

"तिला वळखत कोण होतं?" विजयमाला उसळली. "माझ्या मागं मागं फिरून निवडून आली ती!"

हे बोलणं दुपारपर्यंत सिद्धम्माच्या कानावर गेलं. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी तिनंही अर्ज भरला. कचेरीच्या पायऱ्यांवर दोघींची गाठ पडली.

"मला उभं ऱ्हायचं नव्हतं, अक्का," सिद्धम्मा म्हणाली. "पण तुमच्या मागं फिरून निवडून आले का न्हाई, ते आता दिसंलच."

दिसलं. सिद्धम्मा आली, आणि चांगल्या फरकानं आली. तीन बटणं होती तोवर दोघींतली आवडती कोण, हे कुणाला ठरवावं लागलं नव्हतं. एकच बटण उरलं आणि वॉर्डानं ठरवून टाकलं.

जेवताना विजयमालेनं नवऱ्याला विचारलं, "तुमी कुणाला दिलं?"

रंगनाथनं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "असं इच्यारायचं असतंय का?"

पुन्हा तिनं कधी विचारलं नाही.

उन्हाळ्यात तिच्या गल्लीचं पाणी बंद झालं. दुसरीकडून पाणी आणून आणून खांदे भरून आले, तेव्हा ती नाइलाजानं सिद्धम्माच्या घरी गेली. ओट्यावर माणसं बसलेली. एके काळी अशी माणसं दोघींच्याही दारात असायची. सिद्धम्मानं तिला थेट स्वयंपाकघरात नेलं आणि हळू आवाजात म्हणाली, "अक्का, त्या पाण्याच्या सायबाला कसं बोलावं? माझं ऐकूनच घेत न्हाई. तुमचं ऐकायचा."

विजयमालेला आतून गुदगुल्या झाल्या. तुझं तू बघ, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण घरात घोटभर पाणी नव्हतं. तिनं सिद्धम्माचा फोन घेतला, साहेबाला पूर्वीसारखंच झाडलं आणि कोणता व्हॉल्व्ह बंद पडला असेल तेही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आले.

"काय बाई हाय! निवडून आल्या आल्या पाणी सोडलं सिद्धम्मानं," शेजारीण म्हणाली.

"फोन मी केलता," विजयमाला म्हणाली.

"व्हय का?" शेजारीण हसली आणि पलीकडच्या बाईकडं वळून पुन्हा सिद्धम्माचंच सांगायला लागली. विजयमालेनं भरलेली घागर बाजूला ओढली. पाणी अंगावर सांडलं, पण तिचं लक्ष त्या दोघींच्या बोलण्याकडंच होतं.