नितळ पाण्याची झारी

मी एक जुनी झारी आहे, मित्रांनो. पत्र्याची, एका अंगाने चेपलेली. पोटात पाणी पडले की आजही माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. तो का, तेच सांगते.

डबे-बादल्या करणाऱ्या एका कारागिराने मला कथलाचा डाग देऊन जोडले आणि मी भाजीची रोपे विकणाऱ्या घरात आले. घरात दोघीच. वहिनी कामाला वाघ, पण जिभेची तिखट. तिची धाकटी नणंद अबोल. तिला सगळे चिमणी म्हणत. वहिनी बी पेरायची, चिमणी माझ्यातून पाणी घालायची. रोपे अशी तरारून येत की गिऱ्हाइके माझेही कौतुक करत.

मग विहीर आटली. वहिनीने हट्टाने खोल बोअर घेतली. पाणी काचेसारखे नितळ लागले आणि सगळ्यांना हायसे वाटले. पण त्या हंगामात मिरचीचे बी उगवेचना. उगवले ते खुरटे. वांग्याच्या पानांची टोके करपली, मुळे आखूडच राहिली. वहिनीने माती बदलली, बी बदलले. तिला चैन पडेना. शेवटी ती चिमणीला म्हणाली, "तुझ्या हातालाच यश नाही."

तिने मला ओढून घेतले. त्या झटापटीत मी आपटले, चेपले. मग ती स्वतः पाणी घालू लागली. पाणी फडक्याने गाळले, उकळून गार केले. रोपे तशीच मरत राहिली. मी रोज भरत होते, रोज रिती होत होते आणि मला काहीच करता येत नव्हते.

चिमणीने मावशीकडे कायमचे जायचे ठरवले. पिशवी भरली. पण जाण्याआधी तिने एकाच पुडीतले बी दोन ट्रेंमध्ये पेरले. एकाला बोअरचे पाणी, दुसऱ्याला पागोळ्यांखालच्या पिंपातले पावसाचे. उगवेपर्यंत ती थांबली. पंधरा दिवसांत दुसरा ट्रे हिरवागार झाला. पहिल्यात चार-दोन पिवळट कोंब.

वहिनीने दोन्ही ट्रे पाहिले आणि बोअरचे पाणी बाटलीत भरून तपासायला नेले.

पाणी तपासणाऱ्या बाईंनी सांगितले, की खोल खडकातले फ्लोराइड त्यात फार उतरले आहे. ते दिसत नाही, गाळून निघत नाही, उकळले तर उलट दाट होते. कोवळी मुळे त्याने खुंटतात. पिण्यालाही ते नको. वहिनीचा चेहरा उतरला. घरी येताच ती म्हणाली, "पाणी मी आणलं आणि बोल तुला लावला. जाऊ नकोस, चिमणे."

चिमणी आत गेली. तिने पिशवी रिकामी केली.

आता छपराचे पाणी टाकीत साठते आणि रोपांना तेच मिळते. पिण्याचे पाणी तपासलेल्या नळावरून येते. मित्रांनो, नितळपणावर भुलू नका. बी उगवले नाही तर आधी पाणी तपासा. पेरणाऱ्याच्या हाताला नावे ठेवू नका. करपलेले रोप उपटून दुसरे लावता येते. दुखावलेले माणूस प्रत्येक वेळी थांबेलच, असे नाही.